आपल्याच वावराची माती

माझे सासरे एका नाकपुडीत दोरा घालून दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर काढतात. लग्न होऊन परभणीहून इथे आले त्याच आठवड्यात मी हा खेळ पाहिला. मामा ओट्यावर बसून दोरा पुढेमागे ओढत होते आणि गल्लीतली पोरं हसून लोळत होती. सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूला आत्या. मामांचं नाव चिमाजी, पण पोरांसाठी ते दोराआजोबा. मीही तेव्हा हसले होते. नाकाच्या आतल्या पडद्याला भोक पडल्याशिवाय हा खेळ जमत नाही, हे मला नंतर कळलं. ज्यांना आधीपासून माहीत होतं त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. बंपर कंपनीत प्लेटिंगला होता त्याच्या नाकाला भोक असणारच, असं लोक सहज सांगायचे, जसं एखाद्याच्या पायाला कुरूप असावं.

बंपर कंपनी हे गावठाणाने ठेवलेलं नाव. खरं नाव इंग्रजी होतं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. काळेवाडीच्या अलीकडे, पवना नदीच्या काठाला आमचं हे जुनं गावठाण, आणि त्याला लागूनच मामांच्या वडिलांचं वावर होतं. सरकारने जमीन घेतली, त्यावर कंपनी उभी राहिली आणि जमिनीच्या बदल्यात मामांना नोकरी मिळाली. म्हणजे माणूस आयुष्यभर आपल्याच वावरात उभा राहिला, फक्त औताच्या मागे नाही, वाफाळत्या टाकीच्या काठावर. प्लेटिंग म्हणजे क्रोमच्या झोंबऱ्या पाण्यात लोखंड बुडवायचं आणि चकाकतं वर काढायचं. उरलेलं पिवळं पाणी शेडच्या मागच्या खड्ड्यात सोडायचं. पुढे कंपनी बंद पडली, मालक निघून गेला, गेटवर वेली चढल्या आणि तिकडे कुणी फिरकेनासं झालं.

मग ती जागा एका बिल्डरने घेतली. वाकडला आहेत तसे टॉवर इथेही होणार, अशी पाटी लागली. शेड पाडल्या, तळघरासाठी खोदकाम सुरू झालं आणि मातीचे ढीग कंपाउंडच्या वर दिसायला लागले. ती माती लांब नेऊन टाकायची तर बिल्डरला खर्च, आणि इकडे आमच्या अंगणवाडीचं मैदान खोलगट. पावसाळ्यात तिथे गटाराचं पाणी साचायचं आणि पोरं त्यातच खेळायची. साइटवरचा इंजिनिअर निरंजन एके दिवशी गोड बोलत आला. माती तुमचीच आहे काका, तुमच्याच दारात आणून टाकतो, मैदान छान सपाट करून देतो, असं मामांना म्हणाला. माझ्या नवऱ्याचा, समर्थचा, डंपर आहे. मातीची वाहतूक त्यालाच मिळाली. सगळं घर खुशीत होतं.

मी एकटी तेवढी खुशीत नव्हते. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे प्लेटिंग केलेले पार्ट येतात, ते बनवणाऱ्यांचे खड्डे पडलेले हातही मी पाहिलेत. आणि त्या ढिगांवर, ऊन लागलं की, हळदीसारखी पिवळी बुरशी उठत होती. बुरशी कसली, त्या पिवळ्या पाण्याचं मीठच ते. मला तेव्हा पाचवा महिना होता. त्याआधीचं एक बाळ तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. हे बाळ उद्या त्याच मैदानात रांगणार, माती तोंडात घालणार, हे माझ्या डोक्यातून जाईना. मी घरात म्हणाले की आधी माती तपासून घ्या. समर्थ हसला. कंपनीत माल रिजेक्ट करतेस ते पुरत नाही का, आता गावची माती पण रिजेक्ट करणार, असं म्हणाला. शेजारची नीला, माझी चुलत जाऊ, तिची दोन्ही पोरं अंगणवाडीत जातात. तिलाही माझं पटलं. आम्ही दोघींनी मिळून चार घरी विषय काढला, आणि तो फिरत फिरत हिंदुरावांपर्यंत पोचला.

हिंदुराव म्हणजे गावठाणातला शेवटचा शब्द. देवीच्या देवळाची किल्ली त्यांच्याकडे आणि भांडणं मिटवायचा मानही त्यांच्याकडे. नवरात्र जवळ आलं होतं. त्यांनी देवळासमोर सगळ्यांना बसवून तोडगा काढला. यंदा घराघरात घट बसेल तो याच मातीत. घट चांगला आला तर दसऱ्याच्या दिवशी मैदानात पहिला डंपर. नाही आला तर मातीचा एक खडाही आत येणार नाही.

"लॅब कशाला पायजे?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "देवीपेक्षा मोठी लॅब कुठली हाय?"

लोकांना वाटलं मी वाद घालेन. मी उलट मान डोलावली. मनात म्हटलं, आजोबा, तुम्ही माझंच काम केलंत. विषारी मातीत बी रुजत नाही आणि बी कुणाची भीडभाड ठेवत नाही. माणसांचा विचार मात्र मी केलाच नाही.

इथे एक सांगायला हवं. घटाची माती आपल्या वावराची असावी अशी रीत आहे, आणि आमच्या गावठाणात आता कुणाला वावरच उरलेलं नाही. बायका नर्सरीतून पिशवीतली माती आणतात, नाहीतर पाहुण्यांकडून मागवतात. माझ्या सासूबाई, रुक्मिणीबाई, तळेगावकडच्या माहेराहून माती मागवायच्या आणि दरवर्षी कुरकुरायच्या की देव आमचा आणि माती भावाची. त्यामुळे निरंजनच्या माणसांनी घरोघर बादलीभर माती आणून दिली तेव्हा आत्यांनी ती बादली पदराने पुसली. नव्या नवरीसारखी उंबऱ्याच्या आत घेतली. नंतर ओट्यावर बसून दोन्ही हातांनी ती माती चाळली, ढेकळं फोडली. शेजारच्या दोघींचीही चाळून दिली, कारण त्यांना कंबरेचा त्रास. चाळता चाळता त्यांचे डोळे भरून आले. सासरी आले तेव्हा या वावरात ज्वारी कमरेला लागायची, असं मला सांगत होत्या. ते वावर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, त्या आल्या तेव्हा कंपनी उभी होती. मला बोलायचं होतं खूप, पण त्यांचा चेहरा बघून जीभ उचलली नाही.

घट बसला. पत्रावळीवर माती, मधोमध पाण्याचा घट, भोवती सात धान्यं पेरली. दिवा लागला, पहिली माळ चढली.

एरवी तिसऱ्या दिवशी माती फुगते, कोंब डोकं काढतात. आमच्याकडे काही नाही. चौथ्या दिवशीही नाही. नळावर बायका भेटायच्या तेव्हा जी ती सांगायची, आमचा दिसायला लागला बाई, यंदा लवकरच आला. नीलासुद्धा म्हणाली, छान आहे. आत्या म्हणायच्या, आमचा पण. घरी येऊन घटावर खण पांघरायच्या, दृष्ट लागू नये म्हणून. एका दुपारी मी खण उचलून बोटाने माती उकरली. ज्वारीचा दाणा फुगून काळा पडला होता आणि दाबला तसा बोटात चिरडला. खरं सांगते, मला बरं वाटलं. जिंकल्यासारखं वाटलं. आता आत्या स्वतः सांगतील आणि डंपर थांबेल.

तोवर आत्यांच्या बोटांवर फोड आले होते. पेरांवर, बारीक पण खोल, कडा उचललेले. त्यांनी हळद लावली, तेल लावलं, फोड बसेनात. घटाचं काही चुकलं म्हणून देवीचा कोप झाला, असं त्यांनी ठरवून टाकलं. मामांनी एकदा ती बोटं हातात घेऊन उजेडाला धरली, बराच वेळ बघत बसले आणि देवळाकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी माझ्या हातात पिशवी दिली आणि नूरबीकडे जायला सांगितलं. नूरबी काळेवाडीत राहते. गच्चीवर ट्रेमध्ये नारळाच्या भुशात गहू उगवते आणि वाकडच्या फिरायला येणाऱ्या लोकांना त्याचा रस विकते. तिच्याकडून गव्हाचा ट्रे आणायचा आणि गुपचूप घटाभोवती लावायचा. मी नाही म्हणाले. चक्क नाही म्हणाले, लग्नानंतर पहिल्यांदा. मी म्हटलं, आत्या, घट उगवला नाही ही मातीची खोट आहे, आपली नाही, उलट सगळ्यांना सांगायला हवं.

आत्यांनी आधी स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"पोटात लेकरू हाय तुझ्या," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचा आलाय आन् आपलाच न्हाई, असं गल्लीत कळलं तर उद्या काय बी झालं तरी तुझ्या नावावर लावतील. मागल्या येळचं इसरलीस व्हय? तवा मी एकटी किती तोंडं धरू?"

मागच्या वेळी बाळ गेलं तेव्हा गल्लीत काय काय बोललं गेलं ते मला माहीत होतं. त्यातलं निम्मं आत्यांनी माझ्यापर्यंत येऊ दिलं नव्हतं, हे मात्र आज कळत होतं. मला त्यांचा राग यायला हवा होता आणि रडू आलं. त्यात आणखी एक विचार मनात शिरला, तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. सगळ्यांचं उगवलं आणि आमचंच नाही, मग खोट खरंच मातीत आहे का? की माझ्यातच आहे? मी क्वालिटीत काम करते, शिकलेली आहे, आणि तरी मी पोटावर हात ठेवून तसा विचार केला. मग पिशवी घेऊन गेले. नूरबीने ट्रे वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. कशाला हवा ते विचारलं नाही. याचं मला नवल वाटायला हवं होतं.

दसऱ्याला संध्याकाळी सगळं गावठाण देवळासमोर जमलं. रीत अशी की घटातलं धान उपटून देवीला वाहायचं आणि पुरुषांनी त्याचा तुरा टोपीत खोवायचा. टोप्याच टोप्या आणि प्रत्येक टोपीत हिरवा तुरा. मी बायकांच्या रांगेत उभी होते. आधी मला फक्त वाईट वाटलं, की बघ, सगळ्यांचे किती छान आलेत. मग मी नीट बघितलं. दिवसभर एकासारखा एक पार्ट बघायची सवय असलेले डोळे आहेत माझे. घटात सात धान्यं पेरतात. मक्याचं पान रुंद असतं, ज्वारीचं वेगळं, हरभऱ्याची नाजूक पालवी. इथे एकाही टोपीत मका नव्हता की हरभरा नव्हता. सगळीकडे नुसता गहू. एकाच उंचीचा, एकाच रंगाचा, मुळाशी नारळाचा भुसा चिकटलेला.

माझ्या शेजारी नीला होती. मी तिला हळूच विचारलं, तुमचा खरंच उगवला होता का? तिने मान फिरवली आणि पदर दातात धरला.

समोर हिंदुरावांनी मामांना पुढे बोलावलं. ज्याचं वावर त्यानेच सांगावं, असं म्हणाले. हिंदुरावांच्याही टोपीत गहूच होता. निरंजनची माणसं मोबाइल उंच धरून शूटिंग करत होती. मामा माइकपुढे उभे राहिले. मला वाटलं, हा माणूस त्या टाकीवर उभा राहिलेला आहे, याच्या नाकाला भोक आहे, हा तरी खरं सांगेल.

"गुडघ्याला लागला घट," मामा म्हणाले. "माझं वावर हाय ते. अजून जित्तं हाय."

मी पुढे निघाले होते. हे लिहून ठेवते, कारण नंतर लोक माझ्याबद्दल म्हणाले की दिव्या तिथेच होती आणि गप्प बसली. आत्यांनी माझं मनगट धरलं, त्या फोड आलेल्या बोटांनी, आणि इतकं घट्ट की त्यांनाच कळ आली असणार. तेवढ्यात ताशा वाजायला लागला. हार घातलेला डंपर मैदानात शिरला, समर्थने हॉर्न वाजवला आणि पहिली माती पडली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घटाची माती नदीत सोडायला बायका पवनेवर गेल्या. मी आत्यांबरोबर गेले. एरवी हे काम हसत-बोलत होतं. त्या दिवशी प्रत्येक बाई दुसरीकडे पाठ करून उभी होती. चांगल्या घटाच्या मातीला मुळं घट्ट धरून ठेवतात. पत्रावळ उलटी केली की सगळी माती भाकरीसारखी एकसंध निघते. नीलाने पत्रावळ उलटी केली आणि माती भुरभुर पाण्यात पडली. तिच्या पलीकडची बाई वाकली, तिचीही तशीच. मग तिसरीची. पाठी फिरवल्या तरी कान उघडेच होते. एकसंध ढेकूळ पाण्यात पडल्याचा आवाज एकीचाही आला नाही.

मग आत्या वळल्या.

"आमचा न्हाई उगवला," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "एक दाणा न्हाई."

मग एकेकीचं तोंड उघडलं. एकीला वाटलं होतं मुलीचं लग्न मोडेल, एकीला वाटलं होतं नवऱ्याचं ऑपरेशन बिघडेल. नीला तर माझ्यासारखंच समजत होती, की फक्त आपलाच गेला. सगळ्या नूरबीकडेच गेल्या होत्या, आणि प्रत्येकीने नूरबीला शपथ घातली होती की कुणाला सांगू नको. एवढ्या बायका एवढे दिवस एकाच नळावर पाणी भरत होत्या आणि एकमेकींशी खोटं बोलत होत्या. मला हसू आलं.

आम्ही तशाच ओल्या पायांनी मैदानावर गेलो. डंपर पहाटेपासून फेऱ्या मारत होते. मैदान भरत आलं होतं, रोलर फिरत होता. आम्हाला बघून समर्थ गाडीतून उतरला आणि आईची बोटं बघून त्याने किल्ली खिशात टाकली, पण त्याच्यामागे आणखी गाड्या होत्या. त्या त्याच्या नव्हत्या. मग आम्ही साइटवर निरंजनच्या ऑफिसात गेलो. त्याने सगळ्यांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मी सांगितलं, आत्यांनी सांगितलं, नीलाने सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग मोबाइल काढून टेबलावर ठेवला. त्यात आमचं देवळाचं अंगण होतं, टोप्या होत्या आणि मामा म्हणत होते, गुडघ्याला लागला घट.

"मग काकू," निरंजन म्हणाला, "काल टोपीत काय होतं?"

"इकतचा गहू," आत्या म्हणाल्या.

तो हसला नाही, तेच जास्त लागलं. तो म्हणाला की मी वर काय सांगू, काल देवीसमोर सगळ्यांनी घट आला म्हणून सांगितलं आणि आज म्हणता ते विकतचं होतं. लोक तुमच्या टोपीवर विश्वास ठेवतील की तुमच्या बोलण्यावर? आम्ही हिंदुरावांकडे गेलो. त्यांनी आम्हाला दारातच सांगितलं की देवीचा कौल झाला, आता बायकांनी देवीला खोटं पाडू नये. त्यांच्या सुनेने आतून एकदा माझ्याकडे बघितलं आणि पडदा ओढला.

संध्याकाळी मी मामांना गाठलं. ओट्यावर एकटेच बसले होते. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना? आत्यांची बोटं बघितली तेव्हाच कळलं होतं ना?

"व्हय," मामा म्हणाले. "आमच्या समद्यांच्या बोटांना तसंच व्हायचं. त्या खड्ड्यात मीच सोडायचो पाणी. सायेब सांगायचा, मी सोडायचो. पण पोरी, बापाचं वावर मीच मारलं, असं माझ्या तोंडानं चार लोकांत कसं सांगू?"

मी त्यांना खूप बोलले. सुनेने सासऱ्याला बोलू नये असं बोलले. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकलं.

माघात मला मुलगी झाली. नाकीडोळी नीट आहे, तब्येतीने बरी आहे. बाकी काय ते पुढे कळेल. आत्यांचे फोड बरे झाले, खड्डे राहिले. मी तक्रार लिहून दिली आहे, तपासायला कुणीतरी येणार आहे असं सांगतात. चौकात टॉवरचं मोठं होर्डिंग लागलं आहे. त्यावर मामांचा फोटो आहे, टोपीत हिरवा तुरा, आणि खाली लिहिलंय की ही माती घट रुजवणारी माती आहे. तेव्हापासून मामा टोपी घालत नाहीत. पोरांनी कितीही मागणी केली तरी दोराही काढत नाहीत.

मैदान मात्र खरंच छान झालं आहे. पाणी साचत नाही. गल्लीतली सगळी पोरं तिथेच असतात, नीलाने तिची दोन्ही घरात कोंडून बघितली, पण किती दिवस कोंडणार? संध्याकाळी मी कामावरून परत येते तेव्हा मामा नातीला घेऊन मैदानाच्या कडेला उभे असतात. ती आता रांगते, खाली उतरायला धडपडते, पोरांकडे हात करते. मामांचे गुडघे दुखतात, हात भरून येतात. कुणीतरी रोज म्हणतं, अहो दोराआजोबा, सोडा की तिला खाली, खेळू द्या.

"न्हाई," मामा म्हणतात आणि तिला दुसऱ्या खांद्यावर घेतात.

मी तिला त्यांच्याकडून घेते. पुढे बाकीची पोरं मातीत खेळत असतात.